फुललेलं गोंदण

छावणीच्या बाजारात अंबिकाचं शिलाईचं दुकान आहे. एक खोली, दोन मशिनी आणि एक उभा आरसा. आरसा गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर. बाईनं त्यात आपला गळा बघावा, बाह्या बघाव्यात, पोट आत ओढून बघावं. पाठ बघायचं काम अंबिकाचं. इतक्या वर्षांत तिला बाया चेहऱ्यापेक्षा पाठीवरून लवकर ओळखू येऊ लागल्या होत्या. भाजी घेताना पुढं उभी असलेली बाई वळायच्या आत ही म्हणायची, काय वहिनी, डावा खांदा अजून उतरतोय का?

फक्त एका पाठीचं माप तिनं कधी अंगावर टेप लावून घेतलं नव्हतं. ती तिच्या सख्ख्या बहिणीची, दीपमालाची. दीपा जुना ब्लाऊज मापाला पाठवायची, अंबिका त्यावरून नवा शिवायची. गळा कायम बंद, मागची पट्टी थेट मानेपर्यंत. ‘तशाच गळ्याचा शिव’ एवढा निरोप असायचा, आणि अंबिका तशाच गळ्याचा शिवायची. बहिणीची पाठ बघावी लागत नाही याचं तिला बरंच वाटायचं.

त्या चैत्रात मात्र दीपा स्वतः आली. रिक्षातून उतरली, छत्री उघडली, चार पावलं चालली, दुकानाच्या दारात छत्री मिटली. अंबिका मशिनीवरून बघत होती. चार पावलांसाठी छत्री. तिच्या पायाखालचं पॅडल आपोआप जोरात चालायला लागलं.

दीपाच्या दिराचं लग्न ठरलं होतं. नणंद तनुजा म्हणाली होती, वहिनी, तुम्ही सदानकदा मास्तरणीसारख्या राहता. दीपा शाळेत शिकवतेच, तेव्हा तिनं उत्तर दिलं होतं की मग कशासारखी राहू, तहसीलदारासारखी? पण बोलणं कुठंतरी लागलं होतं.

“आक्का, या वेळी मागं मोठा गळा शिव.”

“तुला?”

“मला. का, माझी पाठ वाईट हाय का?”

मोठ्या गळ्याला मापाचा ब्लाऊज चालत नाही, अंगावरूनच माप घ्यावं लागतं. अंबिकानं तिला आरशापुढं उभं केलं, पदर बाजूला केला, मागचे दोन हूक सैल केले आणि वेणी उचलून पुढं टाकली. मग टेप मानेच्या मणक्यावर ठेवायला गेलेला तिचा हात तिथंच थांबला.

मानेखाली पाच पाकळ्यांचं हिरवट निळं गोंदण होतं. ते तिला माहीत होतं. त्या गोंदणाच्या उजव्या पाकळीला लागून ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठं काहीतरी उगवलं होतं. काळं, पण तिळासारखं मऊ काळं नव्हे. तेलाचं बोट लावल्यासारखं चकाकणारं. कडेला बारीक मणी ओवल्यासारखी उचललेली कड, आणि मधोमध खपली.

“हे कधीपासून?”

“ते होय? झालं असंल वरीसभर. टॉवेल लागला की जरा रगत येतं.” दीपा आरशातून हसली. “माय म्हणती गोंदण फुललं. लाखात एकीचं फुलतं म्हणे, घरात लक्ष्मी येती. तिकडं ह्यांना प्रमोशनबी मिळालं.”

अंबिकानं टेप लावला. खांदा, पाठ, गळ्याची खोली. आकडे खडूनं कापडाच्या कडेला लिहिले. तिच्या मनात त्या क्षणी आलेली गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. तिच्या मनात आलं, हिचं गोंदणसुद्धा फुलतं.

*

या बहिणींचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं, माळाच्या कडेला. बाप मुंजाबा मेंढरं राखायचा. दीपा आठ वर्षांची असताना तिच्या मानेत गाठी आल्या आणि ताप हटेना. गंडमाळ म्हणून पाला बांधून झाला, शहरातल्या डॉक्टरची औषधं झाली, आणि शेवटी कुणीतरी मुंबईचा रस्ता दाखवला. तिथं कळलं की गाठी कॅन्सरच्या आहेत, पण बऱ्या होणाऱ्या आहेत. माय, म्हणजे सारजाबाई, दीपाला घेऊन मुंबईला राहिली ती सणवार सगळे तिकडंच झाले. सलाईनमधून औषधं झाली, मग मशिनीखाली निजवून मानेला आणि छातीला पुढून-मागून लाईट दिला. लाईट हा दवाखान्यातल्या लोकांचाच शब्द. त्यात उजेड दिसत नाही, चटका बसत नाही, असं दीपा नंतर गावात पोरींना सांगायची आणि पोरी तोंडं उघडी टाकून ऐकायच्या.

अंबिका तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं शाळा सोडली. ‘सोडली’ हासुद्धा मोठा शब्द झाला. एक दिवस ती गेली नाही आणि कुणी विचारलं नाही. भाकरी थापायची, बापाला बांधून द्यायची, दुपारी तो मजुरीला गेला की मेंढरांमागं आपण जायचं. दीपा परतली ती कुणा शेठाणीनं दिलेला झालरीचा फ्रॉक घालून. तिला समुद्र बघायला मिळाला होता. तिला हिंदीत पाणी मागता येत होतं. मायच्या कुशीची सवय तिला अशी लागली होती की आता ती सुटायची नाही, आणि अंबिकाची अशी सुटली होती की आता ती लागायची नाही.

त्या वर्षी अंबिका मेंढरांच्या वाड्याच्या काट्याकुंपणाआड उभी राहून स्वतःची मान चाचपायची. दोन्ही हातांची बोटं कानाखालून गळ्यापर्यंत फिरवायची. एखादी गाठ हाताला लागते का, म्हणून. वाटाण्याएवढी चालली असती. कधीच लागली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला उन्हात नेऊ नका, मान झाका. गावानं त्याचा अर्थ लावला की पोर नाजूक आहे, तिला काम सांगू नका. त्यामुळं दीपा लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायची आणि अंबिका माळावर. दीपा शिकत गेली, उजळ होत गेली. अंबिकाची मान भाजल्या वांग्यासारखी झाली. आल्या-गेल्याला माय कौतुकानं सांगायची, ही आमची सावलीतली पोर. दुसरी कुठली पोर म्हणून कुणी विचारायचं नाही; ती समोरून मेंढरं घेऊन येतच असायची.

गोंदणाची गोष्ट त्याच सुमाराची. लाईट नेमका एकाच जागी पडावा म्हणून दवाखान्यात दीपाच्या अंगावर सुईनं शाईचे तीन ठिपके दिले होते, दोन छातीवर, एक मानेखाली. ते पुसले जाणारे नव्हते. मायला त्यांची धास्ती बसली. पोरगी उद्या बघायला येतील, सासू न्हाऊ घालील, ठिपके कशाचे म्हणून विचारील. आजाराचं नाव घरात पुन्हा काढायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं. परक्यांनी विचारलं तर दीपा मुंबईला मावशीकडं राहिली होती, बस्स. तेव्हा जत्रेत गोंदणारी आली तशी मायनं तिच्यापुढं दीपाला बसवली. छातीवरच्या ठिपक्यांची तुळशीची पानं झाली, मानेवरच्या ठिपक्याचं फूल झालं. दीपा रडत होती. ती उठली तशी अंबिका तिच्या जागी जाऊन बसली आणि हात पुढं केला. गोंदण मेल्यावरही सोबत येतं, असं ती बाई म्हणाली होती.

“ऊठ,” माय म्हणाली. “तुला काय लपवायचंय?”

आणि एक गोष्ट फक्त अंबिकाकडं होती. वर्षभरानं दाखवायला बोलावलं होतं, तेव्हा माय तिला मुंबईला सोबत घेऊन गेली. आपण कागदाच्या रांगेत असताना दीपापाशी कुणीतरी हवं म्हणून. तिथं एक चष्मेवाली डॉक्टरीण आली, दीपाची मान दाबून बघितली आणि अंबिकाला म्हणाली, तू मोठी का? मग तूच ऐक. लाईट जिथं दिलाय तिथली कातडी आयुष्यभर नाजूक राहते. आत्ता काही होणार नाही. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, तीस वर्षांनीही तिथं काही उगवू शकतं. नवा तीळ, चकाकणारी गाठ, भरून न येणारी खपली. दिसली की लगेच डॉक्टरला दाखवायची. तिला स्वतःला मागचं दिसणार नाही, तू बघायचं. बोल बघू काय सांगितलं. अंबिकानं धडा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं. बाईंनी तिच्या गालाला हात लावला. मुंबईत तिला मिळालं ते एवढंच.

मायला डॉक्टरांनी हेच सांगितलं असणार. पण मायनं ‘पोर बरी झाली’ एवढं ऐकलं आणि पुढं कान मिटून घेतले. परतीच्या गाडीत तिनं विचारलंसुद्धा नाही की त्या बाई तुला काय म्हणत होत्या. अंबिकानं सांगितलं नाही.

*

दीपा छत्री उघडून निघून गेली तशी अंबिकानं मापाचा जुना ब्लाऊज उलटा केला. मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग होता, वाटाण्याएवढा. मागच्या दिवाळीच्या ब्लाऊजलाही असाच होता. तेव्हा तिला मेंदीचा वाटला होता. ती तो डाग धरून बराच वेळ बसली. चष्मेवाल्या बाईंचे शब्द तिला एकेक करून आठवत होते, कानामात्रेसकट.

मग उठून फोन करायला काय हरकत होती? हात फोनपर्यंत गेलाही. पण तिला पुढचं सगळं दिसायला लागलं. माय पहिल्या गाडीनं येईल, दीपाच्या उशाशी बसेल. अंगद, अंबिकाचा नवरा, वाळूजच्या कंपनीतून रजा काढून गाडी करील. नातेवाईक फळं घेऊन येतील. पुन्हा तीच खाट, तीच पोर, आणि दाराबाहेर पिशवी धरून उभी असलेली तीच मोठी बहीण. एकदा झालं होतं ते पुरं झालं नव्हतं का?

या विचाराची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी मायला फोन लावला. सरळ बोलायचं धाडस झालं नाही. ते गोंदण एकदा डॉक्टरला दाखवावं का, एवढंच म्हणाली. पलीकडून माय म्हणाली,

“अंबे, तुला तिचं चांगलं कधी बघवलंच नाय.”

फोन ठेवल्यावर अंबिकाला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. माय खरं बोलली होती. दीपाचं लग्न ठरलं तेव्हा अंबिकानं मुलाच्या उंचीत खोट काढली होती, फ्लॅट घेतला तेव्हा पाण्यात, नोकरी लागली तेव्हा पगारात. चाळीस वर्षांत ज्या तोंडातून बहिणीबद्दल एक धड शब्द निघाला नव्हता, त्या तोंडानं आता सांगायचं की तुझं फुललेलं गोंदण वाईट आहे? आणि तिचं तिलाही कळेना, त्या डागात तिला आजार दिसतोय तो असल्यामुळं, की तो असावा असं आतून वाटतंय म्हणून? रोज काज-बटण करताना ती हे उलटून पालटून बघायची आणि धागा कुठं तुटतोय ते सापडायचं नाही. अंगदला विचारलं तर तो म्हणाला, तुम्हा दोघींच्या मधी म्या कधी तोंड घातलंय का, आणि जेवायला बसला.

शेवटी तिनं भित्र्या माणसाची युक्ती काढली. गळा आठ इंच खोल शिवला, आणि असा शिवला की फूल बरोबर चौकटीत बसावं. सगळ्यांनी बघावं. शिकली-सवरलेली माणसं येतील लग्नाला, कुणीतरी म्हणेल, अहो, हे दाखवा कुणाला तरी. म्हणजे ते बोलणं दुसऱ्याच्या तोंडून होईल.

*

हळद दीपाच्या सासरी, सिडकोतल्या घराच्या गच्चीवर होती. मांडव घातलेला, खाली सतरंज्या. नवरदेवाला हळद लागून झाली होती आणि आता बायका एकमेकींना फासत होत्या. दीपा अंबिकानं शिवलेला ब्लाऊज घालून मिरवत होती. तिला तो खरोखर शोभत होता. अंबिकाच्या हातचं काम होतं, आणि अंबिकाला तेवढंही धड आवडत नव्हतं.

युक्ती निम्मी लागू पडली. फूल सगळ्यांनी बघितलं. एकीनं दुसरीला दाखवलं, दुसरीनं तिसरीला. ‘अगं बाई, हिचं गोंदण फुललंय’ असं गच्चीभर झालं. दाखवा कुणाला तरी, असं कुणीच म्हणालं नाही. सारजाबाई लेकीमागं उभी राहून गोंदणारीच्या हाताचा गुण सांगत होती. तनुजाचं लग्न दोन वर्षं जुळत नव्हतं. सारजाबाईनं तिला जवळ बोलावलं, म्हणाली, ये गं, तुला याची हळद लावते, तुझंबी लवकर जुळंल. आणि हळदीचं बोट तिनं दीपाच्या मानेवरच्या त्या फुलावर दाबून फिरवलं.

दीपा कळवळली. बोट वर आलं ते पिवळं, आणि पिवळ्यात लाल.

“बघा,” सारजाबाई सगळ्यांना बोट दाखवत म्हणाली, “हळदीत कुंकू उतरलं.”

बायकांनी हात जोडले. तनुजानं मान पुढं केली.

अंबिका कधी उठली ते तिचं तिला कळलं नाही. तिनं मायचं मनगट धरून खाली केलं, दीपाच्या मानेवर पदर टाकला आणि तिला हाताला धरून जिन्यातून खाली नेलं. आहेराच्या साड्या रचलेल्या खोलीत नेऊन दार लोटलं. वरून मायचा आवाज येत होता, हिला कधी काय बघवंल तर शपथ.

“ते गोंदण नाय, दीपा.”

दीपानं तिच्याकडं बघितलं. “जळतीस व्हय?” तिनं विचारलं ते भांडायला नव्हे, पाणी हवंय का विचारावं तसं.

“व्हय, जळते. लहानपणापासून जळते. पण हे त्यातलं नाय.”

मग तिनं सांगितलं. चष्मेवाल्या बाई, लाईट, कातडी, दहा-वीस-तीस वर्षं, चकाकणारी गाठ, न भरणारी खपली. लहानपणी बाईंना म्हणून दाखवलं होतं तसंच, एका दमात. दीपा साड्यांच्या ढिगावर बसली होती. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“एवढी वर्षं मला का नाय सांगितलं?”

“माय तुझी होती. सावली तुझी होती. बाईंनी हे एवढं एक माझ्याकडं दिलं होतं. म्या कुणालाच दिलं नाय.”

दीपा रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, तिनं स्वतःच कधीतरी मोबाईलवर वाचलं होतं. लहानपणी लाईट घेतलेल्यांना पुढं जपावं लागतं, असं काहीतरी. वाचून घाबरून बंद केलं. विचारायचं तरी कुणाला? डॉक्टरकडं जायचं तर सोबत सत्यम येणार, डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, लहानपणी काही झालं होतं का? आणि सत्यमला काहीच माहीत नाही. माय फुललं म्हणाली तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं.

“मागचं मला दिसत नाय ना, आक्का,” ती म्हणाली. “तू तरी बघायचं.”

*

लग्न पार पडलं. दुसऱ्याच दिवशी दीपानं नवऱ्याला सांगितलं. सत्यम जेवत होता. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, म्हणजे मुंबईची मावशी नाहीच? दरवर्षी सुट्टीत तो मावशीकडं जाऊ म्हणायचा आणि दीपा काहीतरी काढून टाळायची. नंतर तो आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. आजाराचं त्याला काही वाटलं नव्हतं, मावशीचं वाटलं होतं. सासूनं एकदा ऐकवलं की सारजाबाई तोंडावरून भोळ्या दिसतात. पण दवाखान्यात जायच्या दिवशी सत्यम सगळ्यांच्या आधी आंघोळ करून गाडीपाशी उभा होता.

मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला. बाईंनी समजावून सांगितलं की हा प्रकार हळू वाढणारा आहे, बहुतेक वेळा जागचा हलत नाही, काढून टाकला की बरा होतो. मात्र आणखी वर्ष-दोन वर्षं तसाच फुलू दिला असता तर खोल गेला असता. त्या ‘फुलू’ म्हणाल्या तेव्हा कुणीच कुणाकडं बघितलं नाही. मानेपुरतीच भूल देऊन काढू. पुढं दरवर्षी कातडी बघायची, थायरॉईड बघायचं, छातीचीही तपासणी करायची, कारण लाईट तिथंही दिला होता. उन्हात मान झाकलेली बरी. लहानपणी तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, बाईंनी विचारलं.

“सांगितलं होतं,” दीपा म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी सगळं अंबिकाला आधीच दिसलं होतं तसंच झालं. आत न्यायच्या वेळेपर्यंत माय दीपाचा हात धरून बसली होती, अंगद आणि सत्यम औषधांना पळत होते, आणि अंबिका बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत दीपाची छत्री होती. अंबिकाला बहिणीची काळजी वाटत होती आणि तिचा हेवाही वाटत होता. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता.

दीपाला आत नेल्यावर माय बाहेर आली आणि तिच्याशेजारी बसली. मग तिनं विचारलं, त्या वक्ताला त्या बाई तुला काय म्हणत होत्या?

अंबिकानं पुन्हा सगळं म्हणून दाखवलं. मायनं शब्दन् शब्द ऐकला. पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, “तू लई लहान होतीस गं.”

माफी म्हणावी असं ते वाक्य नव्हतं. पण माय तिच्या लहानपणाबद्दल बोलली होती, आणि ते तिनं याआधी कधी केलं नव्हतं.

*

आता दीपाच्या मानेखाली फुलाच्या चारच पाकळ्या राहिल्या आहेत. पाचवीच्या जागी टाक्यांची आडवी रेघ आहे. अंबिकानं तिचे सगळे ब्लाऊज उसवून नवे केले. गळा पुन्हा बंद, पट्टी मानेपर्यंत, ऊन लागू नये म्हणून. हूक मात्र सगळे मागं घेतले, वरून खालपर्यंत. मागच्या हुकांचा ब्लाऊज एकटीला घालता येत नाही. सकाळी सत्यम लावून देतो. सुरुवातीला त्याची बोटं घसरायची, आता जमतं. आणि महिन्यातल्या एका रविवारी दीपा छावणीत येते. अंबिका दुकानाचा पडदा ओढते, तिला आरशापुढं बसवते, हूक सोडते आणि उजेडात मान, पाठ, छाती बोटभर जागा न सोडता बघते. मायचा फोन त्याच वेळी येतो. दीपाची मान बघितली का? बघितली. काय नाय ना? काय नाय. माय फोन ठेवते. तुझं कसं काय, हे विचारायचं तिला अजून सुचत नाही, आणि ते अंबिकाला अजून बोचतं.

मागच्या रविवारी असाच फोन झाला. अंबिका हूक लावत होती. दीपा आरशातून तिच्याकडं बघत म्हणाली, “तुझी मान कोण बघतं?”

“माझ्या मानेला काय झालंय? मला कुणी लाईट दिला नाय.”

“बस की खाली.”

“गिऱ्हाईक येतंय.”

“बस म्हणते ना, आक्का.”

दीपा उठली आणि तिनं मोठ्या बहिणीला खांदे दाबून स्टुलावर बसवलं. अंबिकाचा अंबाडा वर उचलला. गार बोटं कानाखालून मानेवर आली आणि सावकाश, दाबत दाबत गळ्यापर्यंत फिरली. दीपाला तपासणाऱ्यांचे हात लहानपणापासून माहीत होते. आरशात अंबिकाला आपला चेहरा दिसत होता, आणि मागं दीपाचा वाकलेला. तिनं आपला बघायचं टाळलं.

पडद्यापलीकडं एक बाई आवाज देत होती, अहो, ब्लाऊज झाला का? दीपाची बोटं थांबली नाहीत.

“काय नाय,” शेवटी दीपा म्हणाली. “नुसतं ऊन हाय.”

“नीट बघितलं का?” अंबिकानं विचारलं.

दीपानं अंबाडा सोडला नाही. दिव्याच्या बाजूला तिची मान जराशी वळवली आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.